महिषासुर पायथ्याशी का?

पालकहो, वणीच्या सप्तशृंगगडावर मुलांना न्याल तेव्हा पायऱ्या चढण्याआधी जरा थांबा. तिथे महिषासुराचं शिर आहे. अठरा हातांची देवी वर, हा खाली. दुर्गासप्तशतीत तो लढताना सारखी रूपं बदलतो: रेडा, सिंह, माणूस, हत्ती, पुन्हा रेडा. आपला रागही असाच ना! शाळेत दाबला की घरी रुसवा होऊन येतो.

त्याच ग्रंथात समाधी वैश्याला घरच्यांनीच हाकललंय, तरी जीव त्यांच्यातच अडकलेला. तो आणि सुरथ राजा नदीकाठी देवीची मातीची मूर्ती करून तीन वर्षं उपासना करतात. राजा राज्य मागतो. वैश्य 'मी-माझं' सोडवणारं ज्ञान. मुलांना विचारा, तुम्ही काय मागाल? माझ्या वर्गात बहुतेकांनी राज्यच मागितलं.