खेळाडूंना तोलताना तुमच्या हाती कोणते वजन असते?

“तो आता संपला.” “पैसा मिळाला, मग खेळ कशाला हवा?” “काही म्हणा, माणूस मात्र देवमाणूस आहे!” अशी वाक्ये तुम्ही कितीदा तरी ऐकली असतील आणि कदाचित उच्चारलीही असतील. रेल्वेच्या डब्यात, कचेरीतल्या चहाच्या वेळी, रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात, व्यावसायिक खेळाडूंविषयी निवाडा देण्याचे काम आपल्या देशात अखंड चालू असते. येथे न्यायाधीश पुष्कळ, आरोपी थोडे आणि अपिलाची सोय कोठेच नाही.

अशा चर्चेत मुळातच काही गैर आहे, असे म्हणता येणार नाही. प्रेषित पौलाने धावपटूचा व मुष्टियोद्ध्याचा दाखला दिला तो करिंथकरांना (१ करिंथ ९:२४-२७). त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत आणि विजेत्याच्या मस्तकी पाल्याचा मुगुट ठेवला जाई. तो मुगुट किती लवकर वाळतो, हे पौलाच्या वाचकांना सांगावे लागले नसेल. तीमथ्याला लिहिताना त्याने नियमाप्रमाणे खेळण्याचाही उल्लेख केला आहे (२ तीमथ्य २:५). नियम मोडणारे तेव्हाही होतेच. ऑलिंपियाच्या क्रीडांगणाकडे जाणाऱ्या वाटेवर झ्यूसच्या काशाच्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. त्या लबाड खेळाडूंकडून वसूल केलेल्या दंडातून घडवलेल्या होत्या. त्यांतल्या पहिल्या सहा मूर्तींचे कारण इ.स.पू. ३८८ मध्ये घडले. यूपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने आपल्या तीन प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली होती. स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येकाला त्या मूर्तींसमोरूनच पुढे जावे लागे.

तेव्हा चाहत्याने खेळाडूंविषयी मत बाळगावे की नाही, हा प्रश्न नाही. ते मत कशाच्या आधारावर उभे असते, हा प्रश्न आहे.

तीन निराळ्या गोष्टी

वर दिलेली तीन वाक्ये पुन्हा पाहा. पहिले वाक्य कामगिरीविषयी आहे, दुसरे हेतूविषयी व वर्तनाविषयी, तर तिसरे प्रतिमेविषयी. आपण मात्र ती तिन्ही एकाच श्वासात आणि सारख्याच खात्रीने बोलतो.

कामगिरीविषयी बोलण्याचा चाहत्याला अधिकार आहे. धावफलक सर्वांपुढे असतो. ज्याने वीस वर्षे सामने पाहिले आहेत, त्याला एखाद्या फलंदाजाचा पाय पुढे सरकत नाही हे दिसते, आणि पुष्कळदा त्याचे निदान बरोबरही असते. वर्तनाचा थोडाच भाग मैदानावर दिसतो. बाकीचा हॉटेलच्या बंद दारामागे किंवा दूरध्वनीवर घडतो. आणि प्रतिमा? ती तर घडवली जाते. १९९५ मध्ये वर्ल्डटेल या कंपनीने सचिन तेंडुलकर यांच्याशी पाच वर्षांचा, सुमारे ३० कोटी रुपयांचा करार केला, तेव्हा भारतीय क्रिकेटमध्ये असा आकडा कोणी ऐकला नव्हता. ती किंमत केवळ कव्हर ड्राइव्हची नव्हती. घरंदाज, नम्र व निर्व्यसनी तरुणाचा जो चेहरा घरोघरी विश्वासाने पाहिला जाई, त्याचीही ती किंमत होती. तो चेहरा खोटा होता, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु प्रतिमेला बाजारभाव असतो आणि ती जपण्यासाठी पगारी माणसे नेमलेली असतात, हे जाणून असावे. मनुष्य बाहेरचे रूप पाहतो व देव अंतःकरण पाहतो, हे शमुवेलाला सांगितले गेले तेव्हा जाहिरातीचा धंदा जन्मालाही आला नव्हता (१ शमुवेल १६:७).

मनगटावरचे कडे

या तीन गोष्टींची गल्लत किती महागात पडते, हे हॅन्सी क्रोनिए यांच्या उदाहरणावरून दिसते. १९९४ पासून ते दक्षिण आफ्रिकेचे कर्णधार होते. त्यांच्या नेतृत्वाखाली संघ ५३ कसोटी सामने खेळला व त्यांतले २७ जिंकला. २००० सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबई आणि बंगळूर येथे त्यांनी भारताला दोन्ही कसोटींत हरवले. त्यापूर्वी तेरा वर्षे भारत मायदेशात एकही मालिका हरला नव्हता. शिवाय क्रोनिए उघडपणे ख्रिस्ती विश्वासाची कबुली देत. ‘येशूने काय केले असते?’ असे विचारणारी आद्याक्षरे असलेले कडे त्यांच्या मनगटावर असे. दक्षिण आफ्रिकेतील असंख्य विश्वासी कुटुंबांत मुलांपुढे त्यांचा कित्ता ठेवला जात असे.

त्याच वर्षी जानेवारीत सेंच्युरियन येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीचे तीन दिवस पावसात वाहून गेले. तेव्हा क्रोनिए यांनी दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून द्यावा आणि सामना निकाली काढावा, असा प्रस्ताव मांडला. कसोटी इतिहासात असे प्रथमच घडत होते. इंग्लंड दोन गडी राखून जिंकले आणि हरलेल्या कर्णधाराच्या खिलाडूवृत्तीची वाहवा झाली. पुढे उघड झाले की, सामना अनिर्णित राहू नये यात एका सट्टेवाल्याचा स्वार्थ होता. त्याने क्रोनिए यांना सुमारे ५० हजार रँड व एक चामड्याचे जाकीट दिले होते. ज्या कृत्याची सर्वाधिक स्तुती झाली, तेच विकले गेले होते!

७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी दूरध्वनीवरील संभाषणाचा मजकूर जाहीर केला. पहिली प्रतिक्रिया काय झाली? क्रोनिए यांनी इन्कार केला, त्यांचे क्रिकेट मंडळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि चाहत्यांनी उलट दिल्ली पोलिसांवरच संशय घेतला. ‘हा माणूस असे करणेच शक्य नाही’, असे लोक म्हणत. या वाक्याला पुरावा कोणता होता? कामगिरी आणि कडे! चारच दिवसांनी, ११ एप्रिलच्या पहाटे, क्रोनिए यांनी मंडळाचे प्रमुख अली बाकर यांना दूरध्वनी करून आपण पूर्णपणे प्रामाणिक राहिलो नाही हे मान्य केले. तीही कबुली अर्धीच होती. जूनमध्ये न्यायमूर्ती किंग यांच्या आयोगापुढे बरेच अधिक बाहेर आले. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर आजीवन बंदी घालण्यात आली आणि १ जून २००२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

यातला एक भाग आपल्या नागपूरचा आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. १९ मार्च २००० रोजी तेथे झालेल्या एकदिवसीय सामन्यापूर्वी क्रोनिए यांनी हर्शेल गिब्ज आणि हेन्री विल्यम्स या दोन सहकाऱ्यांपुढे प्रत्येकी १५ हजार डॉलरचा प्रस्ताव ठेवला. गिब्ज यांनी वीसपेक्षा कमी धावा कराव्यात आणि विल्यम्स यांनी पन्नासहून अधिक धावा द्याव्यात, असे ठरले. दोघांनी होकार दिला. प्रत्यक्षात गिब्ज यांनी ७४ धावा तडकावल्या, तर विल्यम्स दोन षटकेही पूर्ण न करता जायबंदी झाले. तरी होकाराबद्दल दोघांना सहा महिन्यांची बंदी भोगावी लागली. हे दोघेही वर्णभेदाच्या राजवटीत डावलल्या गेलेल्या समाजातून आले होते. संघात कर्णधाराचा शब्द मोडणे किती कठीण असते, याचा विचार करा. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी नेल्याची गोष्ट नाथानाने दावीदाला ऐकवली होती (२ शमुवेल १२:१-७). क्रोनिए यांना क्षमा करावी की न करावी, याचा खल चाहत्यांनी वर्षानुवर्षे केला, पण त्या खलात कोकरीची आठवण फार थोड्यांना झाली.

२००४ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका जनमत चाचणीत दक्षिण आफ्रिकेच्या थोर व्यक्तींमध्ये क्रोनिए यांना अकरावा क्रमांक मिळाला. त्यांतली काही मते खऱ्या क्षमेतून दिली गेली असतील, तर काही सत्य नाकारण्याच्या हट्टातून. मतपत्रिकेवर हा भेद दिसत नाही. त्यांचा विश्वास ढोंगी होता का, याचा निवाडा करण्याचे काम आपल्याकडे सोपवलेलेच नाही (रोम १४:४). पण २७ विजय खरे होते, नागपूरचा प्रस्तावही खरा होता, आणि प्रामाणिक चाहत्याला ही दोन्ही वाक्ये एकत्र उच्चारता आली पाहिजेत.

आपल्यासाठी एक वजन, त्यांच्यासाठी दुसरे

नीतिसूत्रे २०:१० मध्ये निरनिराळ्या वजनांविषयी परमेश्वराचा वीट व्यक्त झाला आहे. तेथे विषय बाजारातल्या तागडीचा आहे, पण चाहत्याच्या झोळीतही दोन वजने असू शकतात.

मार्च २०१८ मध्ये केपटाउन येथे ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन बँक्रॉफ्ट यांनी सँडपेपरने चेंडू घासण्याचा प्रयत्न केला. कर्णधार स्टीव्ह स्मिथ व उपकर्णधार डेव्हिड वॉर्नर यांना एका वर्षाची बंदी झाली. मायदेशी परतलेले स्मिथ विमानतळावर वार्ताहरांपुढे रडले. शिक्षा भोगून ते परतले, तेव्हा ९ जून २०१९ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर भारतीय प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. विराट कोहली यांनी त्या प्रेक्षकांकडे वळून टाळ्या वाजवा असे खुणावले. मैदानावरच्या आक्रमकपणाबद्दल ज्यांच्यावर नेहमी टीका होते, तेच हे खेळाडू होते. तेव्हा त्यांच्या वर्तनाविषयीचे आपले मतही एका वाक्यात संपवता येणार नाही.

आता नोव्हेंबर २००१ आठवा. पोर्ट एलिझाबेथ येथे सामनाधिकारी माइक डेनेस यांनी तेंडुलकर यांच्यासह सहा भारतीय खेळाडूंना शिक्षा केली. तेंडुलकर यांच्यावरचा ठपका होता तो पंचांच्या देखरेखीशिवाय चेंडू साफ केल्याचा. देश पेटला आणि डेनेस यांचे पुतळे जाळले गेले. ही गोष्ट सँडपेपरच्या तोडीची मुळीच नव्हती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु पुतळे जाळणाऱ्यांपैकी कितीजणांनी नियम काय म्हणतो हे विचारले होते? ‘आपला सचिन’ एवढे त्यांना पुरेसे होते. ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणाऱ्याला नीतिसूत्रे १८:१३ मूर्ख ठरवते, मग त्याचे उत्तर योगायोगाने बरोबर का निघेना.

कधी कधी ऐकून घ्यायलाच वर्षे लागतात. मोहम्मद अझरुद्दीन यांच्यावर बीसीसीआयने डिसेंबर २००० मध्ये आजीवन बंदी घातली, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरवली. या बारा वर्षांत चाहत्यांचे दोन्ही गट आपापल्या जागी ठाम होते. मंडळाचा अहवाल किंवा न्यायालयाचा निकाल त्यांतल्या कितीजणांनी वाचला असेल?

जीभ आणि पराभव

पराभवाच्या रात्री ही दोन वजनेही फेकून दिली जातात. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारताची अवस्था ८ बाद १२० झाली. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आसने पेटवली आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. विनोद कांबळी रडत परतले, ते चित्र तुम्हाला आठवत असेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानकडून हार झाल्यावर मोहम्मद शमी यांच्या गोलंदाजीवर नव्हे, तर त्यांच्या धर्मावर शिव्यांचा वर्षाव झाला. अकरा जण हरले होते! याकोब ३:९, १० मध्ये ज्या जिभेची चिंता व्यक्त केली आहे, ती देवाचे स्तवन करणारी आणि त्याच्याच प्रतिरूपात निर्मिलेल्या माणसाला शाप देणारी एकच जीभ आहे. घरात दूरचित्रवाणीपुढे बसून तुम्ही एखाद्या खेळाडूच्या आईबापांचा, जातीचा वा धर्माचा उद्धार करता, तेव्हा शेजारी बसलेले मूल क्रिकेटखेरीज आणखी काय शिकते?

‘आपला’ खेळाडू

हा प्रश्न ३० ऑक्टोबर २०२५ नंतर आपल्या फार जवळ आला आहे. नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारतापुढे ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा होत्या. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ धावा करून परतली आणि भारत पाच गडी राखून जिंकला. याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळण्यात आले होते. सामन्यानंतर अश्रू आवरत तिने येशूचे आभार मानले, निर्गम १४:१४ मधील विचार आपल्याला आधार देत होता असे सांगितले आणि स्पर्धेच्या काळात आपण जवळजवळ रोज रडत होतो, चिंतेने ग्रासलो होतो, हेही सांगितले.

काहींनी तिच्या विश्वासावरून तिला टोचून बोलले, आणि त्याचे आपल्याला दुःख झाले. ते स्वाभाविक आहे. पण आपण काय केले? रातोरात तिची छायाचित्रे, तिचे शब्द मंडळ्यांमध्ये फिरू लागले. तिच्या कामगिरीचा आनंद मानण्यात संकोच कशाला? मात्र क्रोनिए यांच्या मनगटावरच्या कड्याला जे वजन दक्षिण आफ्रिकेतील विश्वासी जनांनी दिले, तेच आपण पंचवीस वर्षांच्या या तरुणीच्या खांद्यावर तर ठेवत नाही ना? ती पुढच्या मालिकेत शून्यावर बाद होईल, झेल सोडेल, एखाद्या दिवशी पंचांवर चिडेलही. त्या दिवशी ख्रिस्ताच्या नावाला कमीपणा आला असे आपण म्हणणार असू, तर आजची आपली स्तुतीही तिच्यावर लादलेले एक ओझेच आहे. तिने स्वतः तर त्या रात्री विजयाबरोबर आपली भीतीही लोकांपुढे ठेवली होती. आपण पुढे पाठवलेल्या छायाचित्रांत मात्र बहुधा केवळ उंचावलेली बॅट होती.