शेजाऱ्याची भिंत, आपला खर्च

बार्शी, चिपळूण, अमळनेर अशा नगरपरिषदेच्या गावात शेजारी वरचा मजला चढवतो, पन्हाळीचं पाणी आपल्या अंगणात सोडतो किंवा कुंपणाची भिंत हातभर आत सरकवतो. मग ज्याला त्याला सुचतं ते एकच : नगरपालिकेत अर्ज ठोका. अर्ज जरूर द्यावा, पण आधी आपलं दुखणं नेमकं कोणतं ते ठरवावं. परवानगी न घेता किंवा सामासिक अंतर न सोडता बांधलं असेल, तर तो नगरपरिषदेचा विषय. आपली जागा दाबली असेल, तर तो हद्दीचा वाद. ती जागा मुख्याधिकारी मिळवून देत नाहीत. लोक दोन्ही गाऱ्हाणी एकाच अर्जात कोंबतात आणि ‘बाब खाजगी स्वरूपाची असल्याने सक्षम न्यायालयात दाद मागावी’ असं एका ओळीचं उत्तर घेऊन बसतात. फुकटचा खर्च सुरू होतो तो इथून.

विनापरवाना बांधकाम

तक्रार अर्जाला फी नाही. साधा कागद, दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का. ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ असं ऐकू आलं तरी परत फिरू नये. अर्ज साहेबांना नव्हे, आवक-जावकच्या टेबलावर द्यायचा असतो. सिटी सर्व्हे नंबर, काम कुठवर आलं आहे आणि तारीख दिसेल असे फोटो, एवढं पुरे. शेजाऱ्याच्या स्वभावाचं वर्णन नको.

बाहेर टंकलेखकाकडे गेलात तर तो पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगेल. ऑक्टोबर 2024 मध्ये किमान मुद्रांक 100 वरून 500 रुपयांवर गेला हे खरं. पण सरकारी कार्यालयात आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तक्रार अर्जाला तर प्रतिज्ञापत्रही लागत नाही. टायपिंगचे पैसे द्या आणि उठा.

महिनाभर हालचाल दिसली नाही, तर माहिती अधिकार. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतींना पानाला 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. पहिल्या अपिलाला 20 रुपये. राज्याच्या नियमानुसार अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत हवा. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 53 खाली नोटीस दिली असल्यास तिची प्रत मागा. नकाशा शेजाऱ्याचा असल्याने त्रयस्थ पक्ष म्हणून त्याला विचारणा होऊ शकते. म्हणजे तुमचं नाव त्याच्यापर्यंत जाईल, ही तयारी ठेवा.

आता कडू गोष्ट. नोटीस निघाली म्हणजे बांधकाम पडलं असं नाही. नोटीस मिळालेल्याला बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मागता येते. नियमात बसत असेल तर तो प्रशमन शुल्क भरून मोकळा होतो. पाडायचंच ठरलं तरी सर्वोच्च न्यायालयाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालाप्रमाणे किमान 15 दिवसांची नोटीस आणि सुनावणी द्यावी लागते. सार्वजनिक रस्ता, पदपथ आणि जलाशयावरच्या अतिक्रमणांना मात्र हे संरक्षण नाही. म्हणून शेजाऱ्याचा ओटा गल्लीत आला असेल, तर तक्रारीत ‘माझ्या घराला त्रास’ लिहिण्यापेक्षा ‘सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण’ लिहिलेलं जास्त कामाला येतं.

हद्दीचा वाद

इथे पैसे खर्च करायचेच असतील तर आधी मोजणीवर करा, वकिलावर नंतर. मिळकत पत्रिकेची डिजिटल सहीची प्रत शंभराच्या आत मिळते. मोजणीचे दर डिसेंबर 2024 पासून बदलले : नगरपालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत साधी मोजणी 3,000 रुपये, द्रुतगती 12,000. मुळातल्या मुदती अनुक्रमे 90 आणि 30 दिवसांच्या. चलन भरण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयात चालू दर विचारून घ्यावा. घर पाडायला कोणी आलेलं नसेल तर चौपट पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही.

लगतधारकांना नोटीस जाते. मोजणीच्या दिवशी शेजारी हजर असेल असं पाहा. आपण होऊन निरोप धाडा, भांडण असलं तरी. भूकरमापक खुणा दाखवून जातो, नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती हातात आली की निम्मे वाद तिथेच थंडावतात, कारण बऱ्याचदा दोन्ही घरांचा अंदाज चुकलेला असतो. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी मागता येते, तिची फी वेगळी. खुणा दाखवल्या तरी ताबा मोजणी कार्यालय देत नाही, हेही लक्षात असू द्या.

पोलीस ठाण्यात अशा वादाची बहुधा एनसी होते. तिला पैसे लागत नाहीत, पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपासही होत नाही. तारखेची नोंद म्हणून प्रत जपावी.

जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. विहित नमुन्यातला अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो, फी नाही. न्यायप्रविष्ट प्रकरण तिथे घेत नाहीत, त्यामुळे दावा लावण्याआधीच ती वाट चोखाळावी. कुठल्याही टेबलावर ‘चहापाणी’ सुचवलं गेलं, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064.

कोर्टात जायचं झालं तर

ताबा दांडगाईने काढून घेतला असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खालचा दावा सहा महिन्यांतच लावावा लागतो. मुदत गेली की मालकी शाबीत करत बसावं लागतं. वकिलांच्या फीला दरपत्रक नाही. एकरकमी की तारखेप्रमाणे, मनाईहुकुमाच्या अर्जाचे वेगळे का, कोर्ट कमिशनर मोजणीला आला तर तो खर्च कोणाचा, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारावं. संकोच वाटतो, पण पुढे तोच महाग पडतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लागता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत किंवा 15100 वर विचारा.

दावा दाखल करण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ येतं. वर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी मजकूर दोनदा वाचावा. भिंत कोण सरकवणार, कधीपर्यंत, मजुरी कोणाची, पन्हाळीचं तोंड कुठे वळवणार, हे सगळं त्यात यायला हवं. आणि तडजोडीत जागेची अदलाबदल ठरली, तर घरी बसून पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलेला कागद पुरत नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो, त्याचं मुद्रांक शुल्क दोघांत कसं वाटायचं ते आधीच ठरवा.