डिकीतला एक लिटर

नोव्हेंबर आला की आपल्याकडे यूएईत वाळवंटात जायचे बेत सुरू होतात. कोणी संध्याकाळपुरतं जातं, कोणी थेट लिवाला जाऊन तंबू ठोकतं. लिवा अबू धाबी शहरापासून दोनशे किलोमीटरहून लांब आहे. तिथून पुढे 'रुब अल खाली' हे प्रचंड वाळवंट पसरलेलं आहे. यातला 'खाली' शब्द ओळखीचा वाटला ना? 'जागा खाली आहे' असं आपण म्हणतो, तोच हा अरबी शब्द. अर्थ : रिकामं.

जिथे सगळं रिकामं, तिथे दुकान कुठलं? म्हणून निघण्याआधी डिकी नीट भरावी लागते. पाणी, फावडं, हवेचा पंप, गाडी ओढायचा पट्टा हे बहुतेकांना आठवतं. इंजिन ऑइलचा एक लिटरचा डबा मात्र घरी राहतो.

ऑइलचं काम काय?

इंजिनातले धातूचे भाग मिनिटाला हजारो फेरे घेतात. ऑइल त्यांच्यामध्ये पातळ थर धरतं, त्यामुळे घर्षण कमी होतं. ते उष्णताही वाहून नेतं. ऑइल फार कमी झालं, तर धातूवर धातू घासतो आणि इंजिन जाम होतं. ते वाळूत दुरुस्त होत नाही.

वाळूत गाडी खालच्या गियरमध्ये जोरात पळवावी लागते, म्हणून इंजिन जास्त तापतं. शिवाय दगड लागून खालचं ऑइल चेंबर फुटू शकतं.

स्कूटर, स्नोमोबाईल आणि आपली गाडी

पुण्यात बनणारी जुनी बजाज चेतक आजोबांना नक्की आठवत असेल. तिचं इंजिन टू-स्ट्रोक होतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं आणि ते पेट्रोलबरोबर जळून जायचं. कॅनडासारख्या देशांत बर्फावर चालणाऱ्या अनेक स्नोमोबाईलही टू-स्ट्रोक असतात. त्यांचं ऑइल वाटेत संपतच जातं, म्हणून लांबच्या प्रवासात जास्तीचं ऑइल लागतंच.

आपल्या गाडीचं इंजिन फोर-स्ट्रोक. त्यात तेच ऑइल पुन्हा पुन्हा फिरतं, सहसा फारसं कमी होत नाही. म्हणूनच ते भराभर कमी होत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा इंजिन झिजलं आहे. डिकीतला डबा हा त्यावरचा इलाज नाही. गळती थोडी असेल, तर तो आपल्याला डांबरी रस्त्यापर्यंत पोचवतो, एवढंच. पुढचं काम गॅरेजचं.

कसं तपासायचं?

१. गाडी सपाट जागी उभी करा. उतारावर माप चुकतं.
२. इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा.
३. डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, परत आत घाला आणि पुन्हा काढून बघा.
४. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. बऱ्याच गाड्यांत या खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं.
५. कमी असेल, तर नरसाळ्याने थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका.

ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकाराचंच घ्या. रिकामा डबा परत आणा.

गाडी चालू असताना ऑइलचा लाल दिवा लागला, तर 'पुढच्या टेकडीपर्यंत जाऊ' असं म्हणायचं नाही. इंजिन लगेच बंद. आणि मदत येईपर्यंत गाडी सोडून चालत निघायचं नाही. माणसापेक्षा गाडी लांबून दिसते आणि तिची सावलीही मिळते. म्हणूनच डिकीत पहिली जागा पाण्याची, मग ऑइलची.

शब्दार्थ

डिकी – गाडीची मागची सामानाची जागा
घर्षण – घासलं जाणं
नरसाळं – अरुंद तोंडात द्रव ओतायचं साधन

विचार करा आणि लिहा

१. चेतकचं ऑइल का संपायचं? आपल्या गाडीचं सहसा का संपत नाही?
२. 'डबा हा इलाज नाही' असं का म्हटलं आहे?
३. घरच्या मोठ्या माणसांबरोबर डिपस्टिक बघा. काय दिसलं, ते पाच वाक्यांत लिहा.