टीप सैल पडतेय? स्क्रू फिरवण्याआधी हे पाच टप्पे तपासा



घरून ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं काम सुरू केलं की एक प्रश्न हमखास येतो: "वरून टीप छान दिसते, पण कापड उलटं केलं की दोऱ्याची नुसती जाळी! काय करू?" बरेच जण लगेच बॉबिन केसचा स्क्रू फिरवतात. मग मूळ दोष तसाच राहतो आणि जे नीट होतं तेही बिघडतं. म्हणून व्हिडिओत दाखवलेला क्रम इथे लिहून देतोय. मशीनजवळ लावून ठेवा.

आधी टाका समजून घ्या

टाका दोन दोऱ्यांचा असतो: वरचा रिळाचा, खालचा बॉबिनचा. दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत मधोमध एकमेकांत अडकले की टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. ही रस्सीखेचच समजा. एक बाजू ढिली पडली की दुसरी बाजू तिला आपल्याकडे ओढते.

• कापडाखाली फासे किंवा जाळी दिसली, तर वरचा दोरा ढिला आहे.
• कापडावर खालचा दोरा ठिपक्यांसारखा दिसला, तर वरचा दोरा जास्त घट्ट आहे किंवा बॉबिनचा ढिला आहे.
• पातळ कापड टिपेवर गोळा होत असेल, तर ताण जास्त आहे किंवा सुई-दोरा त्या कापडासाठी जाड आहे.

थोडक्यात, जाळी खाली दिसली तरी आधी वर बघायचं.

आता क्रमाने तपासा

१. वरचा दोरा काढून पुन्हा ओवा. ओवताना फूट वर उचललेला हवा. फूट वर असताना टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतो. फूट खाली असेल तर दोरा बाहेरूनच जातो, मग डायल कितीही फिरवा, उपयोग नाही. वर-खाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून दोरा गेलाय ना, तेही बघा. ओवून झाल्यावर दोरा हाताने ओढा: फूट वर असताना सहज यायला हवा, फूट खाली केल्यावर अडायला हवा.

२. सुई बदला. साधारण ८ तास शिवणकाम झालं की नवी सुई घाला. पातळ सिल्क किंवा जॉर्जेटला ११ नंबर, साध्या कॉटनला १४, जीन्सला १६ किंवा १८. सुई पूर्ण वर सरकवून मग स्क्रू आवळा.

३. बॉबिन बघा. दोरा सैल किंवा एका बाजूला जास्त भरला असेल तर पुन्हा भरा. केस बाहेर निघणारी असेल तर दोरा धरून ती लटकवा. आपोआप घसरत खाली जायला नको, पण हलका झटका दिला की थोडी सरकायला हवी.

४. सफाई करा. मशीन मोटरवर असेल तर आधी प्लग काढा. शटलमधला कचरा ब्रशने काढा. केसच्या पट्टीखाली दोऱ्याचा तंतू अडकला असेल तर कागदाची कड फिरवून काढा. तिथे पिन घालू नका, पट्टीवर ओरखडा पडतो.

५. आता डायल. नंबर असतील तर ४ पासून सुरुवात करून अर्धा-अर्धा नंबर बदला. नंबर नसतील तर नट थोडा-थोडा फिरवा. उजवीकडे फिरवला की घट्ट, डावीकडे फिरवला की ढिला. प्रत्येक बदलानंतर तुकड्यावर टीप मारून बघा.

केसचा स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि लटकवण्याच्या चाचणीत केस नापास झाली तरच. फिरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवा.

तपासायची सोपी युक्ती

वर लाल आणि खाली निळा दोरा घाला. पांढऱ्या कॉटनचा तुकडा दुहेरी करून टीप मारा. वर निळा दिसला किंवा खाली लाल दिसला, की कुठे गडबड आहे ते लगेच कळतं.

हे धंद्यासाठी का महत्त्वाचं?

समजा, एका ब्लाउजचे ३०० रुपये घेता आणि ३ तास लागतात. म्हणजे तासाला १०० रुपये. टीप उसवून पुन्हा घालण्यात १ तास गेला की तीच कमाई तासाला ७५ वर येते. शिवाय सिल्कवर सुईची छिद्रं राहतात. गिऱ्हाइकाच्या पैठणीतला ब्लाउजपीस एकच असतो, तो बाजारातून बदलून आणता येत नाही.

म्हणून एक साधी वही करा. प्रत्येक नव्या कापडाच्या कातरणावर आधी टीप मारा, तुकडा वहीत चिकटवा आणि शेजारी सुईचा नंबर, दोरा आणि डायलचा आकडा लिहा. पुढच्या वेळी तसंच कापड आलं की अंदाज बांधत बसावं लागत नाही. उद्या मदतीला कोणी ठेवलं, तर त्यांनाही हीच वही शिकवेल.

आज एवढंच करा: हातातल्या कामाचं एक कातरण घ्या, टीप मारा आणि तुकडा उलटा करून बघा. गिऱ्हाईक घरी जाऊन आतली बाजू बघणारच आहे, त्याआधी तुम्ही बघा.