दूरच्या वस्तीवरील घरासाठीं उपग्रहाचें इंटरनेट : निवड कशी करावी

शेतकरी नवें अवजार विकत घेतो, तेव्हां तें आपल्या जमिनीस, आपल्या जनावरांस व आपल्या पैशास झेपेल काय, हें आधीं पाहतो. हलक्या जमिनींत चालणारा नांगर काळ्या भारी जमिनींत चालत नाहीं, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु इंटरनेटची सेवा घेतांना हाच चौकस मनुष्य पुष्कळदां जाहिरातींतील वेगाच्या एका आंकड्यावर विसंबतो. गांवापासून कोस दीड कोस दूर मळ्यांत, किंवा डोंगरांतील पाड्यावर राहणाऱ्या कुटुंबास उपग्रहाचें इंटरनेट खरोखर उपयोगी पडण्यासारखें आहे. तथापि छत्रीची किंमत व दरमहाची वर्गणी मिळून हा खर्च लहान शेतकऱ्यास सहज पेलणारा नव्हे, आणि एकदां गुंतलेला पैसा सहसा परत येत नाहीं. म्हणून ही निवड कोणत्या क्रमानें करावी, याचा विचार या लेखांत केला आहे.

इंटरनेट ही आतां शेतकऱ्याच्या घरची चैन राहिलेली नाहीं. आपल्या राज्यांत २०२१ सालीं ई-पीक पाहणी सुरू झाली व पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करावयाची पद्धत पडली. सातबाऱ्याचा उतारा, बाजारभाव, हवामानाचा अंदाज, बँकेचा व्यवहार व मुलांचा अभ्यास यांचाहि मार्ग तोच झाला आहे. पिकाची नोंद मुदतींत झाली नाहीं, तर नुकसानभरपाईच्या वेळीं जी अडचण येते ती अनेकांनीं अनुभविली असेल.

(१) प्रथम जमिनीवरचे मार्ग पहावे

उपग्रह हा पहिला उपाय नव्हे. जमिनीवरचे उपाय संपल्यावर घ्यावयाचा उपाय आहे. केबलनें किंवा जवळच्या टॉवरवरून मिळणारी सेवा बहुधा स्वस्त असते, वीज कमी खाते, व बिघडल्यास दुरुस्त करणारा मनुष्य तालुक्याच्या गांवींच मिळतो.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबरची केबल नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. तीच पुढें भारतनेट या नांवानें ओळखली जाऊं लागली. तेव्हां आपल्या ग्रामपंचायतींत केबल आली आहे काय, आली असल्यास ती चालू आहे काय, व तेथून आपल्या वस्तीपर्यंत जोडणी देणारा कोणी आहे काय, याची चौकशी प्रथम करावी. दुसरें, जुलै २०२२ मध्यें मोबाईल सेवेपासून वंचित असलेल्या २४,६८० गांवांत ४-जी सेवा पोंचविण्याची योजना मंजूर झाली. आपलें गांव तींत आहे काय, हेंहि विचारून घ्यावें.

तिसरा उपाय पुष्कळांस ठाऊक नसतो. घरांत मोबाईल लागत नाहीं, पण गच्चीवर किंवा जवळच्या टेकाडावर लागतो, अशी स्थिति असेल तर सिमकार्डावर चालणारा राउटर घेऊन त्यास बाहेरचा, एका दिशेस रोखतां येणारा अँटेना जोडावा व तो खांबावर चढवून टॉवरच्या दिशेस लावावा. अनेक घरांचें काम एवढ्यानेंच भागतें. मात्र मोबाईलची लहर वाढवून पुन्हां फेंकणारीं जीं यंत्रें बाजारांत चोरून विकलीं जातात, तीं घेऊं नयेत. परवान्यावांचून तीं बसविणें बेकायदेशीर असून त्यांच्यामुळें टॉवरच्या सेवेंत बिघाड होऊन सर्व गांवास त्रास पोंचतो.

(२) उपग्रह किती उंचीवर आहे ?

वरील तिन्ही मार्ग बंद असतील तरच आकाशाकडे पहावें. तेथें विक्रेत्यास विचारावयाचा पहिला प्रश्न वेगाचा नव्हे, उंचीचा आहे.

पृथ्वीपासून सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून तो आपणांस एकाच जागीं स्थिर दिसतो. आपली टीव्हीची छत्री एकदां बसविली कीं हलवावी लागत नाहीं, तें याच कारणानें. पुणें जिल्ह्यांत जुन्नरजवळ आर्वी येथें १९७१ सालीं सुरू झालेलें विक्रम भूकेंद्र अशाच उपग्रहाशीं बोलत असे. तेथील छत्रीचा व्यास शंभर फुटांच्या जवळपास होता. आजची घरगुती छत्री हातभर असते, परंतु अंतर तेंच राहिलें आहे. आपण केलेली मागणी वर जाऊन खालीं येणें आणि तिचें उत्तर पुन्हां वर जाऊन खालीं येणें, असा प्रवास सुमारें १,४४,००० किलोमीटरांचा होतो. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर. म्हणजे नुसत्या प्रवासासच अर्धा सेकंद गेला. प्रत्यक्षांत हा विलंब ०·६ सेकंद किंवा त्याहूनहि अधिक भरतो. कोणतेंहि यंत्र यांत सुधारणा करूं शकत नाहीं.

दुसऱ्या प्रकारचे उपग्रह पुष्कळ खालून फिरतात. स्टारलिंकचे बहुतेक उपग्रह २०२५ सालीं सुमारें ५५० किलोमीटर उंचीवर होते, तर वनवेबचे सुमारें १,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा विलंब अनुकूल स्थितींत सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास असतो.

हा फरक कोणास जाणवेल ? निरोप धाडणें, पिकाचें छायाचित्र पाठविणें, बाजारभाव पाहणें, ध्वनिमुद्रित धडा ऐकणें या कामांस अर्ध्या सेकंदानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु शिक्षकाशीं समोरासमोर चालणारा वर्ग, डॉक्टराशीं बोलणें किंवा परगांवच्या मुलाशीं संभाषण यांत दोघेहि एकदम बोलूं लागतात व बोलणें तुटतें. म्हणून ज्या घरांत दुसऱ्या प्रकारचीं कामें मुख्य आहेत, त्यानें खालच्या उपग्रहांची सेवा पहावी. ज्याचीं कामें पहिल्या प्रकारचीं आहेत, त्यानें उंच उपग्रहाची सेवा स्वस्त पडत असल्यास ती त्याज्य मानूं नये.

(३) आपल्या घरावरचें आकाश

स्थिर उपग्रहास आकाशाची एक खिडकी पुरते. उदाहरणार्थ, इस्रोचा जीसॅट-११ हा ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रांतून तो दक्षिणेच्या बाजूस, क्षितिजापासून ६५ ते ७० अंशांवर येतो. तेवढी दिशा मोकळी असली कीं झालें. उत्तरेस वडाचें झाड असलें तरी हरकत नाहीं. खालच्या उपग्रहांचें तसें नाहीं. ५५० किलोमीटरवरील उपग्रह सुमारें ९५ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो व आपल्या डोक्यावरून कांहीं मिनिटांतच निघून जातो. छत्री एकास सोडून दुसऱ्यास धरीत असते. त्यामुळें तीस आकाशाचा मोठा भाग मोकळा लागतो. नारळी-पोफळीच्या बागेंतील किंवा आमराईंतील घरास हीच मोठी अडचण होय. झाड तोडण्यापूर्वीं छत्री उंच खांबावर किंवा गोठ्याच्या छपरावर बसते काय, हें पहावें. झाडें वाढतात, हेंहि विसरूं नये.

मुसळधार पावसांत टीव्हीचें चित्र जातें, तसाच व्यत्यय उपग्रहाच्या इंटरनेटांतहि येतो. सर थांबली कीं सेवा पूर्ववत् होते. कोंकणांत व घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनीं हें गृहीत धरूनच चालावें, व मुदतीचें काम अखेरच्या दिवसावर टाकूं नये.

(४) घराचा हिशेब

जाहिरातींत १०० एमबीपीएस असें लिहिलेलें असतें, तें मेगाबिटांत असतें. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदास साडेबारा मेगाबाइट माल आला. शिवाय तो वेग ‘पर्यंत’ असतो. संध्याकाळीं अनेक घरें एकदम वापरूं लागलीं म्हणजे तो उतरतो.

वेगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे महिन्याची मर्यादा. मध्यम प्रतीचें चलच्चित्र तासास सुमारें अर्धा ते पाऊण गीगाबाइट खातें. एका घरांत मुलांचा अभ्यास तीन तास व इतरांचें पाहणें तीन तास धरलें, तर रोज तीन ते साडेचार, म्हणजे महिन्यास ९० ते १३५ गीगाबाइट लागतील. मर्यादा ५० ची असल्यास महिना निघणार नाहीं. पुढें सेवा मंदावेल किंवा जादा पैसे पडतील. प्रत्येकानें आपल्या घरचे तास मोजून असा हिशेब आधीं कागदावर करावा.

विजेचाहि हिशेब करावा. स्टारलिंकची नेहमींची छत्री साधारण ७५ ते १०० वॅट वीज घेते. ७५ वॅट धरून चोवीस तासांचे १·८ युनिट व महिन्याचे ५४ युनिट झाले. रात्रीं आठ तास बंद ठेवल्यास ते ३६ वर येतात. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरावयाची असें धरलें, तर तिच्यावर ही छत्री एकटी दहा तासांच्या आसपास चालेल. दिवा-पंखा जोडल्यास त्याहून कमी. भारनियमनाच्या गांवीं हा खर्च छत्रीच्या किंमतींतच धरावा. खांबास चांगलें अर्थिंग करावें व वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू होतांच यंत्राची पिन काढून ठेवावी. मराठवाड्यांत व विदर्भांत विजा पडून होणारें नुकसान सर्वांस विदित आहे.

(५) परवाना व करार

ह्यूजेस कम्युनिकेशन्स इंडिया या कंपनीनें सप्टेंबर २०२२ मध्यें इस्रोच्या जीसॅट-११ व जीसॅट-२९ या स्थिर उपग्रहांवरून सेवा सुरू केली. खालच्या उपग्रहांपैकीं वनवेबला २०२१ मध्यें व स्टारलिंकला जून २०२५ मध्यें दूरसंचार विभागाकडून परवाना मिळाला. पैकीं वनवेब प्रायः संस्था व कंपन्या यांस सेवा देते. नोव्हेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांतील दुर्गम भागासाठीं स्टारलिंकशीं इरादापत्र केलें. परंतु परवाना मिळणें, इरादापत्र होणें व आपल्या दारीं सेवा येणें या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. डिसेंबर २०२५ मध्यें याच सेवेचे भारतांतील दर म्हणून कांहीं आंकडे सर्वत्र पसरले. ते खरे दर नव्हेत, असा खुलासा कंपनीस करावा लागला. म्हणून ऐकीव दरावर विसंबून कोणाहि मध्यस्थाजवळ आगाऊ पैसे भरूं नयेत. परदेशांतून आणलेली छत्री तर मुळींच घेऊं नये. परवान्यावांचून तें यंत्र वापरणें हा गुन्हा आहे.

दोन सेवांची तुलना करतांना छत्रीची किंमत, बसविण्याचा खर्च, छत्तीस महिन्यांची वर्गणी व वीज यांची बेरीज करून तीस छत्तीसनें भागावें. जो आंकडा येईल तोच खरा मासिक दर होय.

(६) एकट्यानें कीं मिळून ?

पांच-सात घरांच्या वाडीस प्रत्येकीं एक छत्री घेण्याचें कारण नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेनें लहान दुकानदारास किंवा संस्थेस परवाना फीवांचून वाय-फाय केंद्र चालवितां येतें. विहिरीवरचें इंजिन भागींत घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांस ही रीत नवी नाहीं. मात्र सेवा देणाऱ्या कंपनीच्या अटींत असें वांटप बसतें काय, हें लेखी विचारून घ्यावें. सहकारी सोसायटीनें पुढाकार घेतल्यास हें काम सुकर होईल.

असो. सही करण्यापूर्वीं पुढील प्रश्नांचीं उत्तरें विक्रेत्याकडून कागदावर घ्यावीं : १. आपल्या गांवीं सेवा प्रत्यक्ष चालू आहे काय ? २. उपग्रह कोणत्या उंचीचा व विलंब किती ? ३. महिन्याची मर्यादा किती व ती संपल्यावर काय होतें ? ४. यंत्र किती वॅट वीज घेतें ? ५. छत्री बिघडल्यास दुरुस्ती कोठें, किती दिवसांत व कोणाच्या खर्चानें ? ६. सेवा बंद केल्यास छत्रीचे पैसे परत मिळतात काय ? यांपैकीं एकाहि प्रश्नास विक्रेता टाळूं लागला, तर तो व्यवहार त्या दिवशीं पुढें ढकलावा. बियाणें घेतांना आपण पिशवीवरची चिठ्ठी वाचून मगच पैसे देतों; तीच दक्षता येथें पाळली म्हणजे पुरे.