पी.टी.ओ.चे फेरे आणि गवताची कापणी

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील वरकस जमिनींवर पावसाळा सरता सरता कंबरभर गवत उभे राहते. त्याची कापणी आणि भाताची कापणी एकाच सुमारास येत असल्याने मजुरांची टंचाई भासते. अशा वेळी विळ्याच्या जोडीला ट्रॅक्टरवर चालणारे कापणी यंत्र आणण्याचा विचार तानसा परिसरातील ग्रामपंचायतींपुढे येणे स्वाभाविक आहे. यंत्र घेताना ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीची चौकशी होते, पी.टी.ओ. किती फेऱ्यांचा, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

पी.टी.ओ. म्हणजे इंजिनाची शक्ती यंत्राला पुरविणारा, ट्रॅक्टरच्या मागील बाजूचा फिरता दांडा. दर मिनिटास ५४० फेरे हे त्याचे प्रचलित प्रमाण होय. या दांड्यास सहा दाते असतात. १,००० फेऱ्यांच्या दांड्यास सहसा एकवीस. एकाचे यंत्र दुसऱ्यास चुकूनही बसू नये, हा त्यामागील हेतू. काही ट्रॅक्टरांत मात्र एकाच दांड्यावर दोन्ही गती मिळतात व ही राखण उरत नाही.

फिरत्या पात्याचे यंत्र गवत कापते ते केवळ वेगाच्या घावाने. पात्यांचा घेर दीड मीटर व्यासाचा असून गिअरपेटी फेरे दीडपट करते असे धरू. ५४० फेऱ्यांवर पाते ८१० वेळा फिरते आणि त्याचे टोक सेकंदाला सुमारे ६४ मीटर वेगाने जाते. डिझेल वाचविण्यासाठी चालकाने इंजिन मंद करून फेरे ४०० वर आणले, तर हा वेग ४७ मीटरवर उतरतो व घावाचा जोर जवळजवळ निम्मा होतो. मग गवत कापले न जाता फाटते, लोळते. तोच पट्टा पुन्हा कापावा लागतो आणि वाचलेले डिझेल तेथेच खर्ची पडते. गवत दाट लागल्यास खालचा गिअर टाकावा, इंजिनाचे फेरे कमी करू नयेत.

उलट, हेच यंत्र १,००० फेऱ्यांवर चालविले तर पात्यांवरील ताण जवळजवळ साडेतीनपट होतो. पाते वा त्याचा बोल्ट तुटून उडाल्यास तो बंदुकीच्या गोळीसारखाच समजावा.

कात्रीसारख्या मागेपुढे सरकणाऱ्या पात्याच्या यंत्रास एवढ्या वेगाची गरज नसते. फेरे वाढविल्यास त्याचा हादरा वाढून जोडदांडी मोडते. तरीही वैरणीच्या गवतासाठी तेच अधिक सोयीचे वाटते, कारण काडी अखंड राहते आणि भारे बांधता येतात. फिरते पाते गवताचे तुकडे करते. रस्त्याच्या कडा व फळबागांतील तण यांसाठी ते ठीक.

आपल्या माळांवर दगडगोटे फार. म्हणून कापणीपूर्वी जागा फिरून पाहावी, यंत्राचे साखळीचे पडदे व शाफ्टवरील आवरण काढू नये आणि गवत गोळा करणाऱ्या मजुरांस यंत्रापासून पुष्कळ दूर ठेवावे. पात्यात गवत अडकल्यास पी.टी.ओ. सोडवून इंजिन बंद करावे व पाती पूर्ण थांबल्यावरच हात घालावा. शक्ती तोडल्यानंतरही ती काही काळ फिरत राहतात.