कोळ्याची भीती आणि अनाठायी फवारणी

भातखाचरात वा गोठ्यात कोळी दिसताच अनेक जण कीटकनाशकाचा पंप हाती घेतात. या भीतीत नावाच्या गोंधळाची भर पडते. ‘लाल कोळी’ ही कीड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असून पानाच्या मागील बाजूस राहून रस शोषते. खरा कोळी मात्र बारीक कमरेमुळे दोन भागांत विभागलेला दिसतो व पिकाचा रस शोषत नाही.

भातातील लांडगा कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही; चुडाच्या बुंध्याशी फिरून तपकिरी तुडतुडे पकडतो. मादी अंड्यांची पिशवी शरीराच्या टोकाशी बाळगते व पुढे पिल्लांना पाठीवर वाहते. सरसकट फवारणीत हे भक्षक मरतात. पानाच्या आवरणात घातलेली तुडतुड्यांची अंडी मात्र वाचतात. परिणामी किडीचा पुन्हा उद्रेक होतो.

भारतातील बहुतेक कोळी माणसास घातक नसतात. बहुधा अंगाखाली वा हाताखाली दाबले गेल्यासच चावतात. म्हणून पुढील काळजी पुरेशी ठरते:

• गोणपाट, पादत्राणे व हातमोजे वापरण्यापूर्वी झटकावेत.
• घरातील कोळ्यावर पेला पालथा घालून खालून जाड कागद सरकवावा व त्यास बाहेर सोडावे.
• जाळी झाडूने काढावीत, फटी बुजवाव्यात.
• दंश झाल्यास जागा साबण-पाण्याने धुवावी. वेदना वा सूज वाढल्यास डॉक्टरांकडे जावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी फवारणीचा सल्ला देण्यापूर्वी शेतकऱ्यासह चुडाच्या बुंध्याशी तुडतुडे व कोळी दोन्ही मोजावेत. शिकार करणारा कोळी एकदा प्रत्यक्ष पाहिला की भीती ओसरू लागते.